बीएमआय नॉर्मल, मग शुगर कशी वाढली? एका आकड्याची जवळपास दोनशे वर्षांची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. डोंबिवलीला गाडीत बसायला मिळालं असेल तर ठाणं यायच्या आत वाचून होईल. उभ्याने असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा.

आपल्याकडे ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत वर्षभर कुठे ना कुठे मोफत आरोग्य शिबिर चालू असतं. गणपतीत मंडळाचं, कुणा नेत्याच्या वाढदिवसाचं, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये लॅबवाल्यांचं. टेबलाशेजारी वजनकाटा, भिंतीला उंचीची पट्टी. पाच मिनिटांत हातात चिठ्ठी येते: उंची, वजन, बीएमआय. खाली शेरा, 'नॉर्मल'. माणूस खूश होऊन बाहेर पडतो आणि समोरच्या गाडीवर वडापाव खातो. वर्षा-दोन वर्षांनी तोच माणूस डायबेटिसची गोळी घेत असतो आणि विचारतो, "मी जाडा कुठे होतो? माझा बीएमआय तर नॉर्मल होता!"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी या बीएमआयचा इतिहासच काढून वाचला. आणि गंमत म्हणजे, 'नॉर्मल बीएमआय म्हणजे सगळं ठीक नव्हे' हे जगाला ज्यांनी ठणकावून सांगितलं, त्यात आपल्या पुण्याचे एक डॉक्टर अगदी पुढे आहेत. तर सुरुवातीपासून सांगतो.

हिशोब सोपा आहे. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये घ्या, उंचीचा वर्ग करा आणि त्याने वजनाला भागा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ६० किलो वजनाच्या माणसाचा बीएमआय येतो २२. झालं. यात चरबी कुठेच मोजलेली नाही, हाड किती, स्नायू किती, पोट किती, काहीच नाही.

हे सूत्र बसवलं ते आदोल्फ केतले नावाच्या बेल्जियन गृहस्थाने. हा डॉक्टर नव्हता. खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता, ब्रसेल्सची वेधशाळा त्याने उभी केली. ताऱ्यांच्या नोंदींमधली सरासरी काढता काढता त्याला वाटलं, माणसांचीही अशी सरासरी काढता येईल. 'सरासरी माणूस' ही त्याची लाडकी कल्पना. १८३२ च्या सुमारास लोकांच्या उंची-वजनाच्या नोंदींवरून त्याने दाखवलं, की मोठ्या माणसांत वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १८३५ साली त्याचा मोठा ग्रंथ आला. त्यात लठ्ठपणावर उपचार वगैरे विषयच नव्हता. त्याला समाज मोजायचा होता, तुम्हा-आम्हा एकेकट्याची तब्येत नव्हे.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. त्याच वर्षी ब्रसेल्सला पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली, आणि तिच्यामागचा मुख्य माणूस होता हाच केतले. म्हणजे आपली रेल्वे आणि हे सूत्र एकाच जमान्यातले. रेल्वेत तेव्हापासून किती बदल झाले बघा. सूत्र मात्र तेच आहे.

पुढे शंभर वर्षं हे सूत्र संख्याशास्त्राच्या पुस्तकांत पडून राहिलं. वजनाची खरी काळजी लागली ती विमा कंपन्यांना, कारण माणूस लवकर गेला की पैसे त्यांना द्यावे लागतात. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४२-४३ मध्ये 'आदर्श वजनाची' कोष्टकं काढली. अमुक उंचीला अमुक वजन, त्यात बारीक, मध्यम आणि रुंद चणीचे तीन रकाने. चण कशी ओळखायची हे मात्र धड कुणी सांगितलं नव्हतं. आकडे सगळे विमा काढणाऱ्यांचे, म्हणजे ज्याच्या खिशात हप्त्याचे पैसे आहेत अशा अमेरिकन माणसांचे. १९५९ मध्ये कोष्टक सुधारलं गेलं. असली उंची-वजनाची कोष्टकं मग जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लागली.

ज्यांचं वय चाळिशीच्या पुढे आहे त्यांना आपल्या स्टेशनांवरच्या वजनाच्या मशीनी आठवत असतील. नाणं टाकायचं, रंगीत दिवे फिरायचे, आणि खटकन पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर यायचं. त्यावर वजन आणि सोबत भविष्य. वजन बघून कुणी घाबरायचं नाही, भविष्यच आधी वाचायचे. विमा कंपन्यांनी वेगळं काय केलं? वजनावरूनच भविष्य काढलं. लाखो लोकांचा हिशोब एकत्र मांडला तर ते बऱ्यापैकी जुळतंही. गडबड होते ती एका माणसाच्या तिकिटावर तेच छापल्यावर.

आता १९७२. अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमा कोष्टकांना पर्याय शोधला. पाच देशांतले ७,४२४ पुरुष घेतले. देश कोणते? अमेरिका, फिनलंड, इटली, जपान, दक्षिण आफ्रिका. त्यांची उंची, वजन आणि चिमटीत धरून मोजलेली कातडीखालची चरबी ताडून बघितली. वेगवेगळ्या सूत्रांत केतलेचं सूत्र त्यातल्या त्यात बरं निघालं. कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. आणि त्यांनी स्वतः केलेला दावा अगदी माफक होता: हे माप पूर्ण समाधानकारक नसेल, पण वजनाच्या इतर निर्देशांकांपेक्षा वाईट तरी नाही. लक्षात घ्या, त्या साडेसात हजारांत एकही बाई नव्हती, आणि भारत त्या पाच देशांत नव्हता.

तरी बीएमआय चालला, कारण तो स्वस्त आहे. काटा आणि पट्टी, बस्स. रक्त नको, मशीन नको, वादावादी नको. एका देशाची दुसऱ्या देशाशी तुलना करता येते. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठ, अशा रेषा पक्क्या केल्या. अमेरिकेत तोवर पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ ही रेषा होती. १९९८ मध्ये तिथेही ती २५ वर आणली, आणि रात्री 'नॉर्मल' म्हणून झोपलेले कोट्यवधी अमेरिकन सकाळी 'जादा वजनाचे' होऊन उठले. एक ग्रॅमही न वाढता!

इथून गोष्ट आपल्याकडे येते. पुण्याच्या रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. परळचं नव्हे, पुण्याचं. तिथे डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण बघत होते. पुस्तकात लिहिलेलं, की टाइप २ मधुमेह म्हणजे वयस्कर, लठ्ठ माणसाचा रोग. समोर येणारे रुग्ण मात्र पुस्तकातल्यापेक्षा तरुण होते आणि बारीक होते. पुस्तक चूक की रुग्ण चूक?

याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी प्रश्न अगदी मुळापासून धरला. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बाळं जन्मली की लगेच त्यांची मापं घेतली आणि ती इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. आता कुणीही म्हणेल, आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान असणार. तसं नव्हतं. पोटातले अवयव आणि स्नायू यांत आपलं बाळ बरंच मागे होतं, पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत येणारी चरबी जवळजवळ टिकून होती. बारीक, तरीही चरबीदार. २००३ मध्ये हे छापून आलं आणि 'थिन-फॅट' बाळ हा शब्द जगभर गेला. म्हणजे आपल्याकडे बाळसं दिसत नाही म्हणून आज्ज्या हळहळतात, आणि चरबी मात्र आत आधीच येऊन बसलेली!

मग आला १० जानेवारी २००४ चा 'लॅन्सेट'चा अंक. त्यात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो आहे, शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. कुठल्याही शिबिरात दोघांच्या चिठ्ठीवर 'नॉर्मल' लिहून आलं असतं. मग मशीनवर चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. सोबतच्या चार ओळींत याज्ञिकांनी स्वतःचीच फिरकी घेतलीय: युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळणं. आपण ८.१० ची पकडायला जिना चढतो त्यातलाच प्रकार. पुढे त्यांनी हेही नोंदवलंय, की जन्माच्या वेळी त्यांचं स्वतःचं वजन कमी होतं.

एका फोटोने विज्ञान सिद्ध होत नाही, हे खरं. पण तो फोटो छापला होता कुठे? आशियाई लोकांच्या बीएमआयवर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाचा जो अहवाल त्याच अंकात होता, त्याच्या शेवटच्या पानावर. अहवालाचं म्हणणं असं, की आशियाई लोकांत त्याच बीएमआयला चरबी जास्त असते आणि २५ च्या खालीसुद्धा मधुमेहाचा धोका वाढलेला दिसतो. म्हणून २३ आणि २७.५ या आकड्यांवर सावध व्हा. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आणखी स्पष्ट रेषा आखल्या: २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. आणि कमरेचा घेर पुरुषांना ९० सेंटिमीटरपर्यंत, बायकांना ८० पर्यंत.

याचा अर्थ आपल्या १६५ सेंटिमीटरच्या माणसाला लावून बघा. जुन्या रेषेने तो ६८ किलोपर्यंत नॉर्मल. भारतीय रेषेने साडेबासष्टच्या पुढे गेला की सावध. मधल्या साडेपाच किलोंत अर्धी डोंबिवली बसेल! तुमच्या हातातल्या चिठ्ठीवर कुठली रेषा वापरलीय, हे कुणी सांगतं का? मोबाइलमधलं अ‍ॅप बहुतेक वेळा २५ चीच रेषा धरून बसलेलं असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण हल्ली परदेशी रील्स बघून 'बीएमआय खोटा आहे' म्हणायची पद्धत पडलीय. तिकडची तक्रार अशी, की बीएमआय फार कडक आहे, स्नायू कमावलेल्या खेळाडूलाही लठ्ठ ठरवतो. तक्रार खरी आहे. आपल्याकडचा एखादा कबड्डीपटू किंवा वर्षानुवर्षं ओझी उचलणारा माथाडी कामगार काट्यावर उभा राहिला तर त्याच्यावरही अन्याय होईल. पण आपल्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत चूक होते ती नेमकी उलट्या बाजूला. हातपाय काडीसारखे, चेहरा निमुळता, आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली. अशा माणसाला बीएमआय फार मऊपणाने वागवतो. 'नॉर्मल' सांगून घरी पाठवतो.

आणि पोटाची चरबी साधी नसते. कातडीखालची चरबी हा बराचसा साठा असतो. पोटाच्या आत, यकृताभोवती आणि यकृतात जमलेली चरबी मात्र इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. स्नायू कमी असले तर रक्तातली साखर वापरणारं गिऱ्हाईकच कमी. ढेरीला आपण 'खात्यापित्या घरचा' म्हणून मान देतो, नव्या नवऱ्याला 'लग्न मानवलं' म्हणून चिडवतो. साखर वाढायची तयारी तिथेच सुरू झालेली असते.

हे नुसतं तर्काचं नाही, आकडेही आहेत. आयसीएमआरने देशभरात १ लाख १३ हजार लोकांची पाहणी केली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. बीएमआयने (रेषा २५ ची धरून) लठ्ठ निघाले २८.६ टक्के. कमरेच्या घेराने निघाले ३९.५ टक्के. साधी वजाबाकी करा. शंभरातले किमान ११ जण असे आहेत, ज्यांचं पोट मर्यादेबाहेर आहे आणि बीएमआयच्या चाळणीतून ते लठ्ठ म्हणून सापडतच नाहीत. त्याच पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर.

बायकांचं चित्र जास्त काळजीचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच कंबर मोजली गेली. १५ ते ४९ वयाच्या बायकांत बीएमआय २५ च्या वर असलेल्या २४ टक्के, आणि कमरेचा घेर मर्यादेबाहेर असलेल्या ४० टक्के. पुरुषांत उलटं दिसलं, बीएमआयने २३ आणि कमरेने १२. म्हणजे एक माप दुसऱ्याची जागा घेत नाही. दोन्ही घ्यावी लागतात.

एकट्या आकड्यावर माणसाची रोजीरोटी ठरवली की काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०१४ मध्ये डीजीसीएने विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठी बीएमआयचे नियम काढले. पुरुषांना २५ पर्यंत नॉर्मल, बायकांना २२ पर्यंत. पुढच्याच वर्षी एअर इंडियाने सव्वाशेच्या आसपास कर्मचाऱ्यांना उड्डाणांवरून बाजूला केल्याच्या बातम्या आल्या. बाईला तीन अंक कमी का? ज्या रेषांचा इतिहास वर सांगितला, त्यात याचं उत्तर कुठेच सापडत नाही.

आता जगही वळतंय. जून २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ठराव केला, की एकटा बीएमआय पुरेसा नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने सांगितलं, की लठ्ठपणाचं निदान करताना कमरेचं माप किंवा प्रत्यक्ष चरबीचं मोजमाप जोडा, आणि त्या चरबीमुळे शरीराचं काही बिघडलंय का ते बघा. पुण्याच्या गावांतून निघालेली गोष्ट तिथवर पोचायला वीसेक वर्षं लागली.

या इतिहासातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यातली आपली किती घरं एक-दोन पिढ्यांमागे कोकणातून, देशावरून, खानदेशातून इथे आली. आपल्या आज्ज्या गरोदरपणात पाणी भरत होत्या, भात लावत होत्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवत होत्या. पुण्याच्या त्या अभ्यासात दिसलं, की ज्या आईच्या जेवणात दूध, पालेभाजी, फळं होती तिचं बाळ मोठं होतं. दोन तृतीयांश आयांना बी-१२ कमी होतं. याज्ञिकांची मांडणी अशी, की पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर चरबी जपायला शिकतं. त्या शरीराला आपण आता दिवसाला तीन तास लोकल, नऊ तास खुर्ची आणि रात्री दहाला जेवण देतोय. म्हणून पोट सुटलेल्या माणसाला 'आळशी' म्हणून मोकळं होऊ नका. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या ताटात काय पडतंय ते आधी बघा. पुढच्या पिढीच्या डायबेटिसचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मग करायचं काय? बीएमआय फेकून द्यायचा नाही. तोच वर्षानुवर्षं मोजत राहिलात तर वजन कुठे चाललंय ते कळतं. फक्त त्याच्या जोडीला शिंप्याची टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या बरोबर मध्ये, कपडा वर करून, श्वास सोडल्यावर मापा. पोट आत ओढायचं नाही! पँटची साइज सांगू नका. बत्तिसची पँट आपण पोटाच्या खाली बांधतो. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी दोरी घ्या, मधोमध दुमडा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर सावध व्हायची वेळ आलीय. ब्रिटनमध्ये २०२२ पासून हाच नियम सांगतात, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा. माप जास्त निघालं तर रील बघून उपास करू नका, आपल्या डॉक्टरांकडून उपाशीपोटी शुगर आणि बीपी तपासून घ्या.

आणि एक सार्वजनिक मुद्दा. तिशीच्या पुढच्यांसाठी आशाताई जो सरकारी फॉर्म भरतात, त्यात बीएमआय विचारतच नाहीत, कमरेचा घेर विचारतात. बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की गुण चढतात. म्हणजे आपल्या झगमगीत शिबिरांपेक्षा आशाताईंच्या पिशवीतला कागद जास्त शहाणा आहे. पण त्या चाळीत पोचतात, टॉवरच्या गेटवर वॉचमन अडवतो. सोसायटीच्या कमिटीवर असाल तर एवढं करा, त्यांना आत येऊ द्या आणि बसायला खुर्ची द्या.

मंडळांना आणि शिबिरं घेणाऱ्या सगळ्याच पक्षांच्या कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती. पुढच्या शिबिरात काट्याशेजारी दोन टेप ठेवा. बायकांसाठी पडदा आणि मापायला बाईच ठेवा, नाहीतर एकही बाई माप देणार नाही. चिठ्ठीवर कमरेचा रकाना छापा, आणि बीएमआयची रेषा २३ ची छापा. बॅनरवरचा एक फोटो कमी केलात तरी टेपचे पैसे निघतील.

आज रात्री घरातल्या सगळ्यांची कंबर मापा. आकडे इथे लिहू नका, ते तुमच्यापाशीच ठेवा. पण तुमच्या भागातल्या शिबिरात टेप होती की नव्हती, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. वॉर्डाचं नाव लिहा, म्हणजे कुणाकडे मागणी करायची ते ठरवता येईल.